औषध लागू पडलं नाही, की पोटात गेलंच नाही? आमवात आणि डॉक्टरांशी होणारं बोलणं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय ३९, राहायला धायरीला, नोकरी शाळेत शिक्षिकेची. दोन वर्षांपूर्वी आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं. दर रविवारी मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असं सुरू झालं. पाच-सहा महिन्यांत हात इतके सुधारले की पुन्हा फळ्यावर लिहिता यायला लागलं. मग नात्यातल्या कुणीतरी ‘या गोळीनं लिव्हर जातं’ म्हणून सांगितलं आणि गणपतीच्या सुमारास तुम्ही मेथोट्रेक्सेट बंद केलं. दिवाळीपर्यंत मनगटं सुजली. घाबरून परत सुरू केलंत, पण एका रविवारी घ्यायची, दोन रविवार सोडायची असं. डॉक्टर रागावतील म्हणून हे त्यांना सांगितलं नाहीत. आता ते म्हणतात मेथोट्रेक्सेट पुरत नाही, लेफ्लुनोमाइड नावाची दुसरी गोळी जोडू, नाहीतर बायोलॉजिकचं (शरीरात सूज वाढवणारा एखादा ठरावीक घटक रोखणाऱ्या महागड्या औषधाचं) इंजेक्शन सुरू करू. तुमचा प्रश्न असा की इंजेक्शन घ्यावं, की डॉक्टरच बदलावेत? कारण पाच मिनिटांत ते ‘रिपोर्ट ठीक आहेत’ म्हणून उठवतात, आणि सकाळी गॅसचा नॉब फिरवतानाही हात दुखतो हे सांगायचं राहूनच जातं.

मी पुण्यात संधिवाततज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. इंजेक्शन घ्या किंवा घेऊ नका, हे मी इथून सांगणार नाही. तुमचे सांधे मी हाताळलेले नाहीत, एक्स-रे पाहिलेले नाहीत. छातीत जुना टीबी आहे का, लिव्हर-किडनी कशा आहेत, आणखी मूल हवं आहे का, खर्च किती झेपेल, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. पण तुमच्या मजकुरात एक गोष्ट अशी आहे की जिच्यापाशी सगळं अडलंय. डॉक्टरांच्या केसपेपरवर लिहिलंय की ही बाई दोन वर्षं १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट नियमित घेते आहे आणि तरीही तिचे सांधे सुजलेले आहेत. त्या माहितीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर आहे. मीही तोच काढला असता. पण माहितीच खरी नाही. तुमच्या बाबतीत मेथोट्रेक्सेट निकामी ठरलेलं नाही, उलट नियमित घेतलं तेव्हा ते लागू पडलं होतं.

म्हणून पहिलं काम, कुठलाही निर्णय होण्याआधी, हे त्यांना सांगणं. शब्द सुचत नसतील तर हे घ्या: ‘डॉक्टर, एक सांगायचं राहिलं होतं. गणपतीपासून मी मेथोट्रेक्सेट नीट घेतलेली नाही. लिव्हरची भीती वाटली. आता पुढचं ठरवताना हे धरून ठरवा.’ एवढंच. ते कपाळाला आठ्या घालतील कदाचित, पण बहुतेक डॉक्टरांना मनातून सुटल्यासारखंच वाटतं, कारण कोडं सुटतं. हा प्रकार माझ्या ओपीडीत आठवड्यातून अनेकदा घडतो. गोळ्या कोण चुकवतं हे चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. शिकलेले, न शिकलेले, पैसेवाले, सगळेच चुकवतात. मी आता ‘गोळ्या घेताय ना?’ असं विचारतच नाही, कारण त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘गेल्या चार रविवारांपैकी किती सुटले?’ असं विचारते. तुमच्या डॉक्टरांनी तसं विचारलं नाही, म्हणून तुम्ही आपणहून सांगायचं.

हे सांगितल्यावर काय होऊ शकतं? बहुधा ते म्हणतील की मेथोट्रेक्सेट आधी नीट घेऊन बघू. या औषधाचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि १५ हा काही शेवटचा डोस नव्हे. जमत असेल तर २० किंवा २५ मिलिग्रॅमपर्यंत नेता येतो, किंवा तोच डोस कातडीखालच्या इंजेक्शनानं देता येतो. वरच्या डोसला गोळीपेक्षा इंजेक्शनानं औषध अंगात जास्त भरवशानं शोषलं जातं. मधल्या आठवड्यांसाठी थोडं स्टेरॉइड देऊन सूज दाबतील. पण एक्स-रेमध्ये हाडं कुरतडली जायला लागली असतील, किंवा सूज फार असेल, तर ते तीन महिने थांबायला तयार होणार नाहीत आणि दुसरं औषध लगेच जोडतील. तेही योग्यच असेल. मुद्दा एवढाच की कुठलाही रस्ता निवडला तरी तो खऱ्या माहितीवर निवडलेला असेल.

आता लिव्हरबद्दल, कारण मूळ भीती तीच आहे आणि ती काढल्याशिवाय पुढच्या गणपतीत पुन्हा हेच होईल. मेथोट्रेक्सेटचा लिव्हरवर परिणाम होऊ शकतो, हे खोटं नाही. म्हणूनच तर रक्त तपासायला लावतात: हिमोग्राम (रक्तपेशींसाठी), एसजीपीटी (लिव्हरसाठी) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी). सुरुवातीला किंवा डोस बदलल्यावर दर महिना-दीड महिन्याला, नंतर स्थिरावल्यावर साधारण तीन महिन्यांनी. एसजीपीटी वाढायला लागलं तर ते या तपासणीत आधी दिसतं, आणि डोस कमी केला किंवा काही काळ थांबवला की बहुतेकांचं परत खाली येतं. धोका वाढतो तो दारूनं, लठ्ठपणा आणि मधुमेहासोबतच्या फॅटी लिव्हरनं, हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर, आणि तपासण्या टाळल्यानं. फॉलिक अ‍ॅसिड त्रास कमी करतं, म्हणून ते ‘नुसतं व्हिटॅमिन’ समजून सोडू नका. एक बारकी गोष्ट फार जणांना माहीत नसते. मेथोट्रेक्सेट घेतल्यानंतर एक-दोन दिवस एसजीपीटी तात्पुरतं वर जाऊ शकतं. सोमवारी रक्त दिलंत तर आकडा उगाच घाबरवेल. पुढची गोळी घेण्याच्या आदल्या दिवशी द्या.

मळमळ हे गोळी सोडण्याचं दुसरं मोठं कारण. काहींना तर ती पिवळी गोळी नुसती दिसली तरी उमाळा येतो. तुम्ही त्याबद्दल लिहिलं नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. रात्री जेवणानंतर घेणं, एकाच दिवशी सकाळ-रात्र अशी विभागून घेणं, फॉलिक अ‍ॅसिड वाढवणं, इंजेक्शनावर जाणं, हे सगळे उपाय आहेत. पण ते डॉक्टरांना कळलं तरच होतील. आणि हे तर ठळक अक्षरांत लिहून ठेवा: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतली गेली तर तोंडभर फोड येतात, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि माणूस दगावूही शकतो. अडीच, साडेसात, दहा, पंधरा अशा वेगवेगळ्या ताकदीच्या स्ट्रिप असतात. केमिस्टनं वेगळी कंपनी दिली की दर वेळी मिलिग्रॅम वाचून घ्या. माझ्या एक शिवणकाम करणाऱ्या रुग्ण कालनिर्णयवर दर रविवारच्या चौकोनात लाल पेन्सिलीनं गोल काढतात आणि गोळी घेतली की त्यावर फुली मारतात. तपासणीला येताना त्या ती पानंच फाडून आणतात. त्यांचा केसपेपर माझ्या ओपीडीतला सगळ्यात भरवशाचा. एखादा रविवार चुकलाच तर दोन दिवसांच्या आत घेतली तरी चालते. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडून द्यायचा, पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही.

आता तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे येते, ‘रिपोर्ट ठीक आहेत’. ही तक्रार मला पूर्ण पटते. आमवात रिपोर्टवरून मोजायचा आजार नाही. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या मदत करतात, पण सांध्यांत सूज असूनही ते नॉर्मल असू शकतात. उलट, हिमोग्लोबिन नऊ असलेल्या बाईचा ईएसआर सांधे शांत असतानाही वर असतो. आणि आरए फॅक्टर दर तीन महिन्यांनी करून घेण्यात तर काहीच हशील नाही. तो निदानाच्या वेळी उपयोगी पडतो, आजार वाढला की उतरला हे त्यावरून कळत नाही. ते पैसे वाचवा.

मोजायचं असतं ते असं. मी रुग्णाचा हात माझ्या हातात घेते आणि एकेक सांधा अंगठ्यानं दाबते. किती जोर द्यायचा? माझ्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे, दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी असलेले दहा सांधे आणि बोटांच्या मधल्या पेरांचे दहा. असे २८. त्यांतले दुखरे किती आणि सुजलेले किती, हे वेगवेगळं मोजायचं. सुजलेला सांधा दाबला की मऊ, किंचित फुगलेल्या उशीसारखा लागतो. नुसतं हाड मोठं झालेलं असेल तर बोटाला कडक लागतं. मग रुग्णाला विचारायचं: गेल्या आठवड्यात आजारानं किती छळलं, शून्य ते दहा? आणि माझा स्वतःचा अंदाज, तोही शून्य ते दहा. चारही आकड्यांची बेरीज म्हणजे सीडीएआय, आजाराचा जोर सांगणारा आकडा. २.८ किंवा कमी म्हणजे आजार शांत, दहापर्यंत सौम्य, दहाच्या वर २२ पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. समजा तुमचे सहा सांधे दुखरे, चार सुजलेले, तुम्ही पाच म्हणालात आणि मी चार. बेरीज १९. रक्ताचा रिपोर्ट काहीही म्हणो, १९ ला मी ‘ठीक’ म्हणणार नाही.

या चारांतला एक आकडा फक्त तुम्हीच देऊ शकता. दुसरा, दुखऱ्या सांध्यांचा, तुम्ही ‘आई गं’ म्हटल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडच्या बायका इथेच घोटाळा करतात. दाबल्यावर ओठ घट्ट मिटून घेतात, विचारलं तर ‘चालायचंच हो’ म्हणतात, आणि दाराबाहेर गेल्यावर नवऱ्याला सांगतात की काल पोळ्या लाटता आल्या नाहीत. सोसणं हा गुण असेल, पण तपासणीच्या टेबलावर नाही. तिथे तुमचं सोसणं आकड्यातून वजा होतं आणि औषध कमी पडतं.

अजून एक. या २८ सांध्यांत पाऊल आणि घोटे येत नाहीत. आमवात पावलांत भरपूर असतो, सकाळी पहिलं पाऊल टाकताना चवड्याखाली खडा टोचल्यासारखं होतं. तुमच्या डॉक्टरांनी पाय पाहिले नसतील तर चप्पल काढून दाखवा. मागायला लाजू नका.

हे सगळं मोजमाप डॉक्टरांची हौस म्हणून सांगत नाही. २००४ मध्ये ग्लासगोमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ११० रुग्ण, दोन गट. एका गटाचा उपचार नेहमीसारखा, तीन महिन्यांनी भेट. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलावून सांधे मोजायचे आणि आकडा खाली आला नाही की ठरलेल्या पायऱ्यांनी औषध वाढवायचं. त्यात बायोलॉजिक नव्हतं, हीच आपली जुनी, स्वस्त औषधं होती. दीड वर्षानं नेहमीच्या गटात १६ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता, मोजून चालणाऱ्या गटात ६५ टक्के. मी रुग्णांना हे आवर्जून सांगते, कारण महागडं औषध म्हणजेच चांगला उपचार असा आपला समज पक्का आहे. आज जगभर उपचाराचा नियम साधारण असाच आहे: आधी लक्ष्य ठरवायचं, आजार शांत किंवा निदान सौम्य, तो जागा असेपर्यंत एक ते तीन महिन्यांनी भेट, तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही किंवा सहा महिन्यांत लक्ष्य गाठलं नाही तर उपचार बदलायचा. म्हणून डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा: ‘माझा आकडा आज किती आहे आणि आपल्याला कुठे पोचायचंय?’ हा प्रश्न उद्धट नाही. ज्या डॉक्टरांनी मोजलंय ते खुशीनं उत्तर देतील. ज्यांनी मोजलं नाही ते कदाचित तिथल्या तिथे मोजतील.

पाच मिनिटांचं काय? भिगवणला १९९६ पासून सांधेदुखीचं मोठं सर्वेक्षण झालं. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं हेच भिगवण. तिथे प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ४८ लाख लोक होते, आता त्याहून बरेच जास्त. हिशोब केला तर रुग्ण हजारोंनी होतात. शिवाय सातारा, अहिल्यानगर, सोलापूरहून येणारे वेगळे. त्यामानानं संधिवाततज्ज्ञ फार थोडे. म्हणून ओपीडी तुंबते. हे कारण आहे, समर्थन नाही. पण ती पाच मिनिटं कशी वापरायची हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

माझा अनुभव असा की रुग्ण आत आल्यावर पहिलं मिनिट फाइलमधले कागद शोधण्यात जातं, दुसरं ‘बाकी कसं काय’ यात, आणि खरी गोष्ट दाराच्या कडीला हात लावल्यावर निघते: ‘आणि हो डॉक्टर, ते श्वासाचं…’ तेव्हा खरी गोष्ट आधी सांगा. एका कागदावर चार ओळी लिहून न्या. सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो, मिनिटांत. कुठले सांधे सुजले. गोळ्या किती चुकल्या. गेल्या भेटीनंतर नवीन काय घडलं: ताप, खोकला, तोंड येणं, दुसऱ्या डॉक्टरांचं औषध. ‘हात दुखतात’ यापेक्षा ‘सकाळी नऊपर्यंत गॅसचा नॉब फिरत नाही, खडू धरता येत नाही’ हे मला दहापट उपयोगी पडतं. सूज सकाळी असते आणि तपासणी संध्याकाळी सातची, म्हणून सकाळीच हातांचा फोटो काढून ठेवा, मोबाइलवर तारीख आपोआप राहते. शक्य असेल तर घरातलं कुणी सोबत न्या. बोलायला नव्हे, ऐकायला. दोघांनी ऐकलेलं घरी जाऊन जुळवता येतं.

लेफ्लुनोमाइड आणि इंजेक्शन, दोन्हींबद्दल काही प्रश्न मात्र विचारलेच पाहिजेत. लेफ्लुनोमाइड चांगलं आणि स्वस्त औषध आहे, पण ते अंगात फार काळ राहतं, बंद केल्यावरही महिनोन्‌महिने, कधी दोन वर्षांपर्यंत. गर्भाला ते घातक आहे. मेथोट्रेक्सेटही घातक आहे, ते गर्भधारणेच्या आधी निदान तीन महिने थांबवायला आम्ही सांगतो. लेफ्लुनोमाइड शरीरातून धुऊन काढायला वेगळं औषध द्यावं लागतं. तुमचं वय ३९ आहे, मूल नको असेल तर गर्भनिरोधनाची पक्की सोय आहे का हे डॉक्टरांना सांगा. हवं असेल तर आत्ताच सांगा, कारण सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अशा वेळी चालतात. मेथोट्रेक्सेटसोबत लेफ्लुनोमाइड घेताना लिव्हर आणि बीपी जास्त वेळा बघावं लागतं. जुलाब, केस गळणं हे त्रास काहींना होतात.

तिसरा पर्यायही असतो, जो तुमच्या मजकुरात दिसला नाही: मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, तिन्ही मिळून. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, नुसतं मेथोट्रेक्सेट न पुरलेल्या रुग्णांना एकीकडे ही तिहेरी औषधं आणि दुसरीकडे मेथोट्रेक्सेटसोबत एटानरसेप्ट या बायोलॉजिकचं इंजेक्शन दिलं. गोळ्यांचा गट कमी पडला नाही. ज्यांना सहा महिन्यांत फरक पडला नाही त्यांना दुसऱ्या बाजूला नेलं, त्यांच्यातही पुढे सुधारणा झाली. तिन्ही औषधं आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, म्हणजे किमतीवर लगाम आहे. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र सल्फासॅलाझिन नाही. ‘मला तिहेरी चालेल का?’ हा प्रश्न रास्त आहे.

इंजेक्शनचा खरोखर उपयोग होतो, काहींच्या बाबतीत तर दिवस-रात्रीचा फरक पडतो. त्याला विरोध म्हणून हे लिहीत नाही. पण त्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे: छातीचा एक्स-रे आणि कातडीवरची मॅन्टू किंवा रक्तातली इग्रा चाचणी. आपल्या देशात झोपलेला टीबी अनेकांच्या अंगात असतो, आणि टीएनएफ हा सूज वाढवणारा घटक रोखणारी इंजेक्शनं त्याला जागं करू शकतात. हिपॅटायटिस बी, सी बघायचं. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी शक्यतो आधी घ्यायच्या. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या भारतात आता स्वस्त झाल्यात, पण त्यांनाही हीच तपासणी लागते. पन्नाशीपुढच्या, सिगारेट ओढणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला त्या देताना जास्त विचार करावा लागतो. आणि पैशांबद्दल मोकळेपणानं बोला. दोन इंजेक्शनं घेऊन पैसे संपले म्हणून थांबणं हा सगळ्यात महागडा उपचार. ‘महिन्याला मला एवढंच परवडेल’ असा आकडा आधीच सांगितलात तर डॉक्टर त्या आकड्यात बसणारा रस्ता शोधतील. विमा असेल तर कंपनीला लेखी विचारा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की सासूबाईंनी कुणाकडून तरी पुडी आणली आणि दोन दिवसांत हात मोकळे झाले. इथे मी थांबून सांगते, ती पुडी बंद करण्याआधीही डॉक्टरांना दाखवा. वैद्यांकडे जाणं वाईट नाही, माझे कितीतरी रुग्ण जातात आणि मी त्यांना रागावत नाही. पण लेबल नसलेली, नाव नसलेली, दोन दिवसांत जादू करणारी पुडी म्हणजे त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका असते. बरेच आठवडे घेतली असेल तर ती एकदम सोडणंही धोक्याचं, कारण तोवर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड मंदावलेलं असतं. तिथे हळूहळू उतरवावं लागतं. काढे, चूर्ण, जिमच्या पावडरी, केमिस्टकडून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, सगळ्याचा डॉक्टरांपुढे ढीग मांडा. नावं आठवत नसतील तर स्ट्रिप पिशवीत घालून न्या. वेदनाशामक गोळ्या सूज तात्पुरती उतरवतात, हाड वाचवत नाहीत, आणि रोज घेतल्या तर पोट आणि किडनी दोन्ही बिघडवतात. आंबट, दही, टोमॅटो, वांगं सोडायचं का असं रुग्ण मला विचारतात. सोडायची गरज नाही, एखाद्या पदार्थानं तुम्हाला खरंच त्रास होत असेल तर तेवढा टाळा.

ताप आला तर काय, हे आधीच विचारून ठेवा, कारण पावसाळ्यात पुण्यात कुणाला ना कुणाला डेंग्यू-चिकुनगुन्या होतोच. सर्वसाधारणपणे जोराचा संसर्ग असेल, अँटिबायोटिक सुरू झालं असेल किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर आम्ही मेथोट्रेक्सेट आणि इंजेक्शन तेवढ्यापुरतं थांबवायला सांगतो. स्टेरॉइड चालू असेल तर ते मात्र थांबवायचं नाही. जवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलात तर पहिलं वाक्य हे: ‘मी मेथोट्रेक्सेट घेते.’ लघवीच्या किंवा घशाच्या संसर्गासाठी दिलं जाणारं कोट्रायमॉक्साझोल मेथोट्रेक्सेटसोबत घेतलं तर रक्तपेशी धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतात. तोंडात फोड, कोरडा खोकला आणि दम, अंगावर निळे डाग, यांपैकी काही दिसलं तर भेटीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही, फोन करायचा. आणि चिकुनगुन्यानंतर सांधे सुजले तर तो आमवाताचाच उद्रेक असेल असं नाही. २००६ च्या साथीनंतर असे रुग्ण आम्ही ढिगानं पाहिले. औषध आपल्या मनानं वाढवू नका, दाखवा.

आता, डॉक्टर बदलावेत का? माझं मत असं की आत्ता नाही. तुमच्या डॉक्टरांनी निदान वेळेत केलं, योग्य औषधानं सुरुवात केली, रक्त तपासलं, आणि त्रास वाढल्यावर उपचार वाढवायला निघाले. हे सगळं बरोबर आहे. नव्या डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांनाही गणपतीची गोष्ट सांगितली नाहीत, तर तेही तिथेच पोचतील. आधी एक भेट खरी माहिती देऊन करून बघा. त्यानंतरही ते सांध्यांना हात लावत नसतील, प्रश्न विचारल्यावर चिडत असतील, महिनोन्‌महिने सूज असूनही तेच औषध लिहून देत असतील, किंवा स्टेरॉइड वर्षभर कमी करायचं नाव घेत नसतील, तर बिनदिक्कत दुसरं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. जाताना जुने कागद, पहिल्या दिवसापासूनचे एक्स-रे आणि कुठलं औषध कधी, किती घेतलं याची यादी न्या, म्हणजे नव्या माणसाला शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही. आणि एकाच वेळी दोघांकडून औषधं घेऊ नका.

पुढे कधी आजार शांत झाला आणि तसाच सहा महिने-वर्षभर राहिला, तर औषध कमी करायचं बोलणं तुम्हीच काढा. आधी स्टेरॉइड, मग बाकीचं, हळूहळू आणि मोजत. एकदम बंद केलं की काय होतं ते तुम्ही दिवाळीत पाहिलंच आहे.

तुमची तारीख पुढच्या बुधवारी आहे म्हणालात. गोळी रविवारची असते, तेव्हा रक्त शनिवारी सकाळी द्या. हिमोग्राम, एसजीपीटी, क्रिएटिनिन आणि ईएसआर किंवा सीआरपी, बस. रविवारी गोळी घ्यायची की बुधवारपर्यंत थांबायचं, हे रिपोर्ट हातात आल्यावर दवाखान्यात फोन करून विचारा. फोनवर स्वागतकक्षातल्या मुलीला नुसतं ‘गोळी घेऊ का’ न म्हणता ‘मध्ये बरेच आठवडे सुटली होती, परत सुरू करू का’ असं विचारा, म्हणजे डॉक्टरांपर्यंत निरोप नीट जाईल. बुधवारी काय ठरलं ते जमलं तर इथेच लिहा. तिथला एखादा शब्द कळला नाही तर मी उलगडून सांगेन.